परतीच्या साड्या आणि इनायतभाई

इनायतभाई गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं केला, तेव्हा गुलमंडीतल्या माझ्या दुकानात हर्सूलकडच्या एका लग्नाचा बस्ता चालू होता. साड्यांचा ढीग, नवरीची आई, मावश्या... मी आत जाऊन मनसोक्त रडले आणि बाहेर येऊन बस्ता पुरा केला. गिऱ्हाईक अर्ध्यावर सोडलेलं भाईंना मुळीच आवडलं नसतं.

ते आमचे कराचे सल्लागार. बाजार त्यांना वकीलसाब म्हणायचा. यजमान गेल्यावर दुकान माझ्या हाती आलं आणि लगोलग जीएसटीचं ऑडिट लागलं. साहेबांनी माल मोजला, तर हिशेबापेक्षा साड्या जास्त! बिनपावतीची खरेदी, असा त्यांचा संशय. खरं कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. बस्त्यातल्या उरलेल्या साड्या लग्नानंतर परत घ्यायच्या, पैसे द्यायचे आणि साडी फळीवर ठेवायची, ही आमची रीत. त्याचा कागद कोण करतो? ज्यांच्या मांडवात जेवलो त्यांच्याकडूनच सही मागायची म्हणजे... लाज वाटायची. आता चोरीचा शिक्का बसला असता, तर यजमानांनी कमावलेलं नाव गेलं असतं आणि दुकान विकायला टपलेल्या दिरांना आयतंच निमित्त मिळालं असतं.

दीर म्हणाले, "वहिनी, मागच्या तारखांच्या चिठ्ठ्या बनवू. हाय काय अन् नाय काय!"

इनायतभाईंनी चष्मा काढला. "बनवा. मग वकील बी दुसरा बघा." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "ताई, ज्यांनी साड्या परत केल्या त्यांना फोन लावा. अन् साहेबांसमोर तुम्हीच बोलायचं. दुकान तुमचं, तर जबाब बी तुमचाच. मैं बाजू में बैठतूँ."

त्यांची पद्धतच तशी होती. कायद्याचं कलम निघालं की ते बोलायचे, दुकानाचं काही निघालं की गप्प. सुनावणीत साहेबांनी पहिलाच प्रश्न मला विचारला. मी आशेनं भाईंकडं पाहिलं, तर हा माणूस निवांत खिडकीबाहेर बघतोय! असा संताप आला म्हणून सांगू... त्या संतापातच तोंड उघडलं, आणि मग मला कोण थांबवतो. लोकही आले होते. एका नवरीचे वडील साहेबांना म्हणाले, "व्हय साहेब, आमच्याच साड्या हायेत. पावणे कमी आले, लई उरल्या. बाईनं तोंड वाकडं न करता परत घेतल्या. यात चोरी कुठली?" सगळेच काही आले नाहीत. न आलेल्यांच्या साड्यांवरचा कर आणि दंड मी मुकाट भरला. पण शिक्का बसला नाही, दुकान माझंच राहिलं.

गेल्या आठवड्यात शेजारच्या भांडीवाल्या रमेशला ऑडिटचं बोलावणं आलं. "काकू, भाई तर गेले. तुम्ही नुसतं सोबत चला," म्हणाला. मी गेले. साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला आणि रमेशनं घाबरून माझ्याकडं पाहिलं. उत्तर माझ्या अगदी ओठांवर होतं. मी ते गिळलं. थोडा वेळ अडखळून तो बोलायला लागला...

इनायतभाई, शेजारी गप्प बसणं एवढं अवघड असतं, हे कधी बोलला नाहीत तुम्ही.