पिळूकाकांचा ओला गोळा

कोळसा धुण्याच्या कारखान्यात त्यांना सगळे पिळूकाका म्हणत. जाड कोळशाचं पाणी चाळणीवर आपसूक निथळतं; बारीक भुकटी मात्र पाणी धरून बसते, सोडता सोडत नाही. ते पाणी फिरत्या ड्रमवरच्या कापडातून यंत्रानं ओढून काढायचं, हे काकांचं काम. कापडावरून सुटणारा काळा थर ते मुठीत दाबून बघत. गोळा टिकला आणि तळवा कोरडा राहिला, की काका खूश.

ही खोड घरीही जाईना. काकूंनी पिळलेली चादर ते पुन्हा पिळत आणि काकूंचा पारा चढे. "माझ्या हाताला काय धाड भरलीय?"

आणि एका सकाळी काकूंची उजवी बाजू लुळी पडली. पाय सावरला, जीभही सावरली, पण हात मांडीवर पडून राहिला. डॉक्टरांनी बजावलं, हलवला नाही तर कायमचा जाईल. दाबायला दिलेला रबरी चेंडू काकूंनी खाटेखाली ढकलून दिला. त्यांनी भांडणंही सोडलं, आणि काकांना घर खायला उठलं.

मग काका डब्याच्या झाकणात तो काळा थर घरी आणू लागले. "अगं, माझी मूठ आता म्हातारी झाली. तू सांग बरं, वाळलाय का?" ही शुद्ध थाप होती. पण नवऱ्याच्या कामात खोट काढायची संधी काकू कशी सोडतील? बोटं वळत नव्हती, गोळा घरंगळून पडायचा, पलंगपोस काळा व्हायचा. काका निमूटपणे तो धुवायचे. महिने गेले तरी रोजचं झाकण चुकलं नाही.

एके दिवशी ड्रमचं कापड फाटलं. माल ओलाकच्च निघाला, साहेबांची बोलणी खाल्ली. काका तोंड पाडून घरी आले आणि सवयीनं झाकण पुढं केलं.

काकूंनी गोळा उचलला. बोटं हळूहळू मिटली. काळं पाणी मनगटावरून ओघळलं.

"अहो, हे काय वाळवलंत? नुसतं पाणी गळतंय! दिवसभर झोपा काढल्या की काय?"

साहेबांचं सोडा, घरात कुणी कामाला नावं ठेवलेली काकांनी जन्मात ऐकून घेतली नव्हती. आज मात्र त्यांनी ती काळी, ओली मूठ दोन्ही हातांत धरली. डोळे भरून आले होते.

"चुकलंच गं माझं," ते म्हणाले. "आणखी बोल."