ओढ्यापलीकडची पेटी

मंगल गेल्याचं तिच्या मुलानं, अनिकेतनं, मला सकाळी फोनवर सांगितलं. तो बंगळूरहून निघाला होता. मी तिच्या नगरच्या घरी गेले आणि तिच्याच मोबाइलवरून एकेकाला कळवत बसले. त्यात एक नाव होतं, ‘हिराबाई ओढा’. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या एका वाडीवर शाळेतली खिचडी शिजवणाऱ्या या बाई. मी सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, “आमी येतो. तवर थांबवा बाईंना.” संध्याकाळी अमरधाम स्मशानभूमीच्या फाटकाशी खरोखरच एक जीप येऊन थांबली. चिखलानं माखलेली. आतून सात-आठ बायका उतरल्या, कुणाशी न बोलता मंगलच्या पायाशी जाऊन बसल्या. तिच्या दिरांनी मला हळूच विचारलं, “या कोण?” तेव्हा सवड नव्हती. आता सांगते.

मंगल आणि मी नगरच्या एकाच कॉलेजात शिकवायचो, ती भौतिकशास्त्र आणि मी मराठी. बंद पडलेली वस्तू दिसली की तिचे हात शिवशिवायचे. स्टाफरूममधला पंखा, माझा रेडिओ, प्राचार्यांच्या टेबलावरची घंटा, सगळं तिनं कधी ना कधी उघडून पाहिलेलं होतं. निवृत्तीनंतर तिची मूत्रपिंडं गेली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. यजमान आधीच गेलेले, मुलगा लांब, म्हणून सोबतीला मी जायचे. डायलिसिसचा माणूस आपलं जग आवरतं घेतो असं मला वाटायचं. मंगलनं नेमकं त्याच काळात ते अकोल्यापर्यंत नेलं.

तिचा एक जुना विद्यार्थी त्या वाडीच्या शाळेत शिक्षक होता. त्यानं एकदा सहज सांगितलं की शाळेत येताना पोरांना ओढ्यावरचा ठेंगणा फरशी पूल ओलांडावा लागतो. पुलाशी ऊन असतं, वर डोंगरात पाऊस कोसळतो आणि बघता बघता लोंढा येतो. मंगल उन्हाळ्यात दोन डायलिसिसच्या मधल्या दिवशी जीपनं तिथं जाऊन आली. ओढ्याच्या वरच्या अंगाला, पलीकडच्या काठावर तिनं एक खांब रोवून घेतला. खांबावर पेटी, पेटीत तळहाताएवढा, एकाच सर्किट बोर्डवरचा संगणक, वर सौर पॅनल. पाणी ठरल्या खुणेच्या वर गेलं की खाली पुलाशी भोंगा वाजायचा. मोबाइलच्या रेंजवरून ती नगरात बसून त्या संगणकाशी बोलायची.

यंदाच्या पावसाळ्यात तो आजारी पडला. मध्येच गोठून जायचा, पाणी चढलं तरी भोंगा गप्प. त्याची सगळी प्रणाली नव्यानं घालायला हवी होती आणि पेटीपर्यंत कुणी पोचू शकत नव्हतं. ओढा भरलेला, वाट वाहून गेलेली. मंगलनं आधी पेटीची किल्ली सांभाळणाऱ्या हिराबाईंना फोन केला. “भोंग्यावर भरवसा ठेवू नका. पोरांना पुलावर एकटं सोडू नका, मोठं माणूस उभं करा.” त्यानंतर रोज विचारायची, “आज कोण उभं होतं?”

आणि जेवणाच्या टेबलावर ताटं सरकवून तिनं तालीम सुरू केली. तसाच दुसरा संगणक तिच्याकडे होता. “घरात राहूनच घराची फरशी उखडायची आणि नवी घालायची,” ती मला म्हणाली. “मग त्या वेळात उभं कुठं राहायचं? तर झोपाळ्यावर. त्याच्या स्मरणात आधी एक छोटी, तात्पुरती प्रणाली टांगायची. त्यानं तिच्यावर बसायचं आणि खालचं सगळं पुसून नवीन लिहायचं.”

“आणि झोपाळा तुटला तर?”

“तर पावसाळाभर पुलावर माणूस,” ती म्हणाली. टेबलावर तो झोपाळा किती वेळा तरी तुटला. दर वेळी ती हातानं प्रणालीचं कार्ड काढून पुन्हा पहिल्यापासून मांडायची. ओढ्यापलीकडे तो हात पोचणार नव्हता.

पेटीतली बॅटरी ढगाळ हवेत पुरती भरत नव्हती, म्हणून ती उन्हाची वाट पाहत होती. एका सकाळी हिराबाईंचा फोन आला. “बाई, ऊन पडलंय. लई कडक हाय.” नेमका तो डायलिसिसचा दिवस. मंगलनं लॅपटॉप पिशवीत घातला. “आजच,” म्हणाली, “उद्याचं ऊन कुणी पाहिलंय!”

डावा हात यंत्राला जोडलेला, उजव्या हाताची बोटं लॅपटॉपवर. शेजारच्या खाटेवरचे काका टीव्ही पाहायचं सोडून तिच्याकडे पाहत होते. झोपाळा टांगला गेला. नवी प्रणाली तुकड्यातुकड्यांनी तिकडे जाऊन कार्डावर लिहिली जाऊ लागली... आणि मंगलचा चेहरा पांढराफटक पडला. रक्तदाब उतरला होता. सिस्टर धावत आल्या, त्यांनी पाय उंच केले आणि लॅपटॉपकडे हात नेला.

“सिस्टर, मी आडवी होते,” डोळे मिटूनच मंगल म्हणाली. “पण झाकण मिटू नका.” मग मला, “कुसुम, तू बस समोर. मी सांगते तशी अक्षरं उमटव. शुद्धलेखन तपासू नकोस.”

आयुष्यभर मुलांच्या वेलांट्या दुरुस्त करणारी मी, एकेक अक्षर विचारून विचारून टाइप करत होते. ती छताकडे तोंड करून सांगत होती. “स्पेस. डॅश. आता थांब. काय आलं?” पडद्यावर अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ आली होती. सगळं जसंच्या तसं लिहिलं गेलंय की नाही याची ती खूण, आणि मंगलला ती तोंडपाठ होती. मी वाचत गेले, तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. एक अक्षर इकडचं तिकडं झालं असतं तर तिनं मला थांबवलं असतं. तिनं थांबवलं नाही.

“आता त्याला झोपाळ्यावरून उतरवायचं,” ती म्हणाली आणि शेवटची आज्ञा सांगितली. मी कळ दाबली. पडद्यावरच्या ओळी थांबल्या, पेटीशी संपर्क तुटला.

“आता?”

“आता तो स्वतःच्या पायावर उभा राहतो का, ते बघायचं.”

मी किती वेळ बसले, ठाऊक नाही. तिचं रक्त नळीतून बाहेर येत होतं, स्वच्छ होऊन आत जात होतं आणि ती मात्र डोंगरापलीकडच्या त्या पेटीसाठी श्वास रोखून होती. देवळात क्वचित उभा राहतो तसा काटा माझ्या अंगावर तिथं उभा राहिला. मग पडद्यावर एक शब्द उमटला. तिनं त्या संगणकाला ठेवलेलं नाव, इंग्रजी अक्षरांत, ‘ओढा’.

“आला गं!” मी ओरडलेच. आणखी एक आज्ञा तिनं सांगितली, आणि लगेच तिचा फोन वाजला. हिराबाई किंचाळत होत्या, “बाई, वाजला! भोंगा वाजला! म्हशी उधळल्या बगा!”

मंगल खुदकन हसली. “सिस्टर, आता मिटा झाकण.”

पुढे श्रावणात, पुलाशी लख्ख ऊन असताना भोंगा वाजला. शाळा सुटली होती. हिराबाईंनी पोरांना काठाशीच धरून ठेवलं आणि लोंढा पुलावरून गेला. मंगलला फोनवर हे कळलं तेव्हा ती पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिली, “सगळी अलीकडंच होती ना?” नवरात्रात ती गेली.

परवा अनिकेत आणि मी वाडीवर जाऊन आलो. ओढा आता गुडघ्याएवढा आहे. हिराबाईंनी आम्हाला हात धरून पलीकडे नेलं, किल्लीनं पेटी उघडली. मी आत डोकावून पाहिलं आणि... हवा जायच्या भोकांवर, धूळ आणि मुंग्या आत येऊ नयेत म्हणून, आकाशी वॉइलच्या कापडाची दुहेरी घडी ताणून बसवलेली होती. ती साडी मी ओळखली. कॉलेजात दर सोमवारी मी ती पाहिलेली होती.

“बाईंच्या लुगड्याचं हाय,” हिराबाई म्हणाल्या. “पावसाळा सरला का धुवायचं आन परत लावायचं, आसं सांगितल्यालं.”

त्यांनी ते फडकं काढून ओढ्यात धुतलं, पिळलं आणि तापलेल्या खडकावर पसरलं. अनिकेत त्याच्या शेजारी जाऊन बसला. वारा उठला तसा त्यानं फडक्याच्या एका टोकावर हात ठेवला. ते वाळेपर्यंत आम्ही तिघं तिथंच बसून राहिलो.