होडी विकण्याआधीचे तीन रविवार

रामटेकजवळच्या तलावावर आमची शिडाची होडी होती, माझी आणि माझ्या मित्राची. कॉलेजात एनसीसीच्या नौदल विभागात छात्रसैनिक असताना आम्ही दोघं शीड सांभाळायला शिकलो आणि पुढे बुटीबोरीच्या एका कापड गिरणीत नोकरी लागल्यावरही ते खूळ डोक्यातून गेलं नाही. कुठल्याशा क्लबने मोडीत काढलेली फायबरची होडी आम्ही ट्रकवर घालून आणली. समुद्रापासून इतक्या लांब शिडाची होडी कशाला, असं लोक विचारायचे.

पावसाळाभर ती एका शेतकऱ्याच्या टिनाच्या शेडमध्ये उलटी पडून असे. दसरा झाला की आम्ही तिला पाण्यासाठी तयार करायला घ्यायचो. दोन रविवार घासपूस, तिसऱ्या रविवारी पाण्यात.

या ऑगस्टमध्ये मित्र गेला. नऊ दिवसांचा ताप. कशाचा, ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही.

दसऱ्याच्या आधी वहिनींचा, त्याच्या बायकोचा, फोन आला. "भाऊजी, ते होडी विकून टाका. मले ते नजरेसमोर नको."

गिऱ्हाईक मिळालं, भंडाऱ्याचे एक डॉक्टर. पण पाण्यात चालवून पाहिल्याशिवाय ते घेणार नव्हते. मी एकटा जाऊन तयार करतो म्हटलं, तर वहिनी म्हणाल्या, "मीही येते."

इतक्या वर्षांत त्या एकदाही तलावावर आल्या नव्हत्या. आमच्या रविवारांवर त्यांचा राग होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. पहिल्या रविवारी त्या शेडच्या दारात बराच वेळ उभ्या राहिल्या. मग पदर खोचून म्हणाल्या, "काय घासायचं ते दाखवा."

मी पॉलिश पेपर दिला. त्यांनी होडीचा तळ असा घासला की मला सांगावं लागलं, "वहिनी, हळू. फायबर पातळ आहे तिथं." त्यांनी ऐकलं नाही. दुपारी डबा उघडला तेव्हा त्यांच्या बोटांची सालं निघाली होती.

पुढच्या रविवारी तळाच्या दोन चिरा भरल्या. शिडाला उंदरांनी भोकं पाडली होती. वहिनींचं माहेर उमरेडच्या विणकरांचं; त्यांनी मांडीवर शीड पसरून ती भोकं इतक्या बारीक टाक्यांनी शिवली की बोट फिरवल्यावरच कळावं. मी दोऱ्या बदलल्या. डोलकाठीच्या खालच्या दोरीची गाठ मित्राने मारलेली होती. ती मला सुटेना, म्हणून कापावी लागली. वहिनी बघत होत्या.

तिसऱ्या रविवारी डॉक्टर दुपारी येणार होते. सकाळी आम्ही होडी पाण्यात ढकलली. पाणी कुठून आत येत नव्हतं. मी दोरी धरून उभा होतो, तर वहिनी म्हणाल्या, "एकदा बसू द्या मले."

चांगला वारा होता. शीड भरलं, होडी कलली, वहिनींनी दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला. तलावाच्या मध्यावर आलो आणि वारा एकदम पडला. शीड लोंबायला लागलं. वल्ही होती, पण मी उचलली नाहीत. बरेच दिवस मनात होतं, ते बोलून टाकलं.

"वहिनी, जुलैच्या शेवटी त्यानं मला फोन केला होता. शेडचं टिन उडालंय, चल म्हणाला. मी कंटाळा केला. एकटाच गेला तो. दिवसभर भिजला. तिथूनच ताप घेऊन आला."

त्या पाण्याकडे बघत होत्या. "माहीत हाय मले."

"काय माहीत आहे?"

"तुम्ही येत नाही म्हटल्यावर ते घरीच बसले होते. सारखी होडी, होडी. मीच चिडली. म्हटलं, काहून माझं डोकं खाऊन राहिले? जा एकदाचे, तिथंच जाऊन राहा." त्यांनी तोंडावर पदर धरला. "भाऊजी, ते दारातून निघताना मी वर पाह्यलंसुद्धा नाही."

मला वाटलं होतं, बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. त्यांचं ऐकून माझं ओझं कमी झालं नाही, माझं ऐकून त्यांचंही नाही. थोड्या वेळाने मी वल्ही घेतली. काठापर्यंत त्या हुंदके आवरत होत्या आणि मी मान खाली घालून वल्हवत होतो.

दुपारी डॉक्टर आले. तोवर वारा परतला होता. दोन फेऱ्या मारून ते खुशीत उतरले. "एवढी जुनी, पण किती छान ठेवली आहे तुम्ही," असं वहिनींना म्हणाले. वहिनींनी मान हलवली. होडी ट्रकवर चढेपर्यंत त्या थांबल्या नाहीत, गाडीत जाऊन बसल्या.

दिवाळीत मी फराळ घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा केला. त्यांच्या मुलीच्या परीक्षेचं, गल्लीतल्या खोदलेल्या रस्त्याचं बोलणं झालं. चहा संपला. "येतो वहिनी," म्हणून मी उठलो. त्यांनी थांबा म्हटलं नाही. त्यानंतर मी गेलेलो नाही, आणि त्यांचाही फोन आलेला नाही.