तिनं न घेतलेलं नाव

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर इंदापूरहून यष्टीनं बारामतीला गेलो आणि चपला बाहेर काढून कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत बसलो. लेक तिथं शिकत होती. तिचं अजून एक वर्ष राहिलं होतं. भिगवणचं स्थळ आलं होतं, माणसं चांगली, पण त्यांना लग्न यंदाच पाहिजे होतं आणि कॉलेज बंद. दुसऱ्या दिवशी ते सुपारी फोडायला येणार होते. मी मनातनं हो म्हणून बसलो होतो. बायको म्हणाली, "पोरगी करती काय ते आधी डोळ्यांनी बघू. मग काय बोलायचं ते बोला."

मी चौथी शिकलेला. मला वाटायचं, कॉम्प्युटर म्हणजे आकडेमोड.

लेक म्हणाली, "आबा, मी ह्यात माणसाचं बोलणं घालते."

"ते तर टेपरेकॉर्डरमधी पण घालत्यात."

"टेप आवाज धरतो. ह्याला अर्थ धरायला शिकवतेय."

मग तिनं दाखवलं. आपण वाक्य बोलायचं, ती त्याचा सांगाडा काढायची. कोण, कुणाचा कोण, एवढंच ठेवायचं, बाकीचं मांस सोडून द्यायचं. माझ्या आईचं नाव, तिच्या दोन्ही लेकांची नावं, थोरला कोण आणि धाकटा कोण, हे तिनं आधीच घातलं होतं. मग स्वतःच्या आईला म्हणाली, "तू सांग, तू कोण?"

"मी सासूबाईंची धाकटी सून. आनि काय!"

लेकीनं ते घातलं. मग एक नियम घातला, की धाकट्या सुनेचा नवरा तो धाकटा लेक. मग मशीनला विचारलं, ह्या बाईचा नवरा कोण?

काळ्या काचेवर माझं नाव आलं.

लेकीनं वाचून दाखवलं. बायकोनं पदर तोंडाला लावला. लग्नापासनं तिनं माझं नाव कधी घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. "आगं बया, ह्यानं घेतलं की! ह्याला कुनी सांगितलं?"

"कुणीच न्हाय सांगितलं आई. त्याचं त्यानं काढलं."

दोन गोष्टी ऐकून तिसरी काढणारी माणसं आमच्या गावात पुष्कळ हायत, पण त्यांची तिसरी गोष्ट खोटी निघते. ह्या डब्याची खरी निघाली. आणि तो डबा माझ्या पोरीनं बोलता केला होता. देवळात बसल्यावर वाटतं तसं वाटलं. दुसरा शब्द मला येत नाही.

बायको मात्र खुर्ची पुढं ओढून बसली. म्हणाली, "आता इचार त्याला. हिचा बाप हिला पुढं शिकवनार हाय का?"

लेक माझ्याकडं न बघता टाइप करत राहिली. मशीन म्हणालं, नाही.

"का गं? एवढं हुशार, आनि न्हाय का म्हनतंय?"

"त्याला जे सांगितलं न्हाय, ते त्याच्या लेखी न्हायच, आई. कुणी सांगितलं तर व्हय म्हणंल."

बायको माझ्याकडं बघत राहिली. मी चपला घालायला बाहेर आलो.

परतताना यष्टीत तिनं खिडकीशी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडल्या, दाणे माझ्या हातावर ठेवले. "बघितलं न्हवं?" म्हणाली. मी म्हणालो, "बघितलं." एवढंच बोलणं झालं.

सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय बंद पडलं. भाऊ जीप घेऊन बारामतीला गेला आणि लेकीला घेऊन आला. भिगवणची माणसं ठरल्या वेळेला आली, अंगणात तिरडी बघून टोप्या काढून बसली. सगळी तयारी होत आली तसं मुलाचे वडील माझ्याजवळ सरकले. वाईट माणूस नव्हता. हळूच म्हणाले, "आबा, वरसाच्या आत कार्य उरकावं लागतं. न्हायतर पुढं लांबनीवर पडतं. तुमी फकस्त हो म्हना, बाकी आमी बघतो."

लेक आईच्या पायाशी बसली होती. तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी म्हणालो, "पोरगी शिकनार हाय. तुमी दुसरीकडं बघा."

मग उठलो आणि खांदा दिला.