हवालदार मुलाणींचा चार्ज

हवालदार मुलाणी चहाला निघाले तरी दुसऱ्या गार्डला समोर उभं करायचे. काठी आणि शिट्टी त्याच्या हातात ठेवायचे, टाचा जुळवून म्हणायचे, "चार्ज दिला." समोरून "चार्ज घेतला" आल्याशिवाय त्यांचा पाय हलत नसे.

"काका, चहालाच चाललाय ना? सरहद्द थोडीच सोडताय?" गार्ड चिडवायचे.

"गेट सोडतोय की. चार्ज घेतला त्याची जबाबदारी."

फौजेतून निवृत्त झाल्यावर ते आमच्या चाकणच्या कंपनीत गेटवर लागले. मी स्टोअरला. मालाचं वजन जुळलं नाही की मला जेवण जात नाही, म्हणून त्यांच्याशी माझं पटायचं.

त्यांच्या पलटणीतला सदा आमच्याकडचं भंगार नेणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर होता. बर्फातल्या एका चौकीवरून जखमी मुलाणींना त्याने खांद्यावर घालून खाली आणलं होतं. एक दिवस तो त्यांना म्हणाला, "शनिवारी भंगाराखाली तांब्याची बंडलं असतील. आमच्या ट्रकमालकानं ठरवलंय. तू फक्त गेटचा दांडा वर कर. मुलाण्या, तुझं वजन अजून खांद्यावर हाय माझ्या."

मुलाणी हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. "बोललो असतो तर सदा तुरुंगात. गप बसलो असतो तर मी कशाचा हवालदार?"

शनिवारी शिफ्ट सुटायच्या वेळी ट्रक गेटवर आला. मी केबिनमध्ये पास तपासत होतो. मुलाणींनी दांडा उचलला नाही. सदाला खाली बोलावलं, काठी-शिट्टी त्याच्या हातात ठेवली आणि टाचा जुळवल्या.

"मला नमाजाला जायचंय. चार्ज दिला."

सदाच्या टाचा आपोआप जुळल्या. "चार्ज घेतला," तो बोलून गेला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"गाडी सोडायची का न्हाई, आता तू बघ," म्हणत मुलाणी केबिनमागे गेले.

ट्रकमागे कामगारांच्या बसचे हॉर्न सुरू झाले. सदा दांड्यापाशी नुसता उभा. दोरीला हात लावायचा, काढायचा. शेवटी माझ्याकडे आला. "साहेब, ही गाडी माघारी घ्या. आत नको तो माल हाय."

बंडलं उतरवून मी वजन केलं. पूर्ण भरलं. मग मॅनेजरना सगळं सांगितलं, सदाचं नावही. लपवणं मला जमलं नसतं.

"माल गेटबाहेर गेला?"

"नाही."

"कुणी अडवला?"

"सदानंच."

त्यांनी भंगाराच्या कंत्राटाची फाईल मागवली. मग म्हणाले, "ट्रकमालकाचं कंत्राट बंद करा. ड्रायव्हरला घरी जाऊ द्या." त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

पुढे मुलाणींनी नोकरी सोडली आणि राजगुरुनगरला मुलाकडे राहायला निघाले. सामान न्यायला टेम्पो घेऊन सदाच आला. आता तो कासारवाडीत शाळेची बस चालवतो. मुलाणींनी नव्या गार्डला चार्ज दिला. सदा त्यांची लोखंडी पेटी खांद्यावर घेऊन टेम्पोकडे चालला होता.

"सदा, उतरलो का रं आता खांद्यावरनं?"

सदाने पेटी टेम्पोत टेकवली आणि खांदा चोळला.

"तू कवाच उतरलास. पेटीत काय दगडं भरलीत व्हय?"