काकूने लावलेली गिलकी

मंडळी, आज सकाळी पुतण्याच्या शेडनेटमध्ये मिरचीची लागवड होती. पहिलं रोप लावायला मी वाकले, तर धाकट्या जाऊबाईंनी ते हळूच माझ्या हातातून काढून घेतलं.

"अक्का, तुम्ही सावलीत बसा."

माझे यजमान जाऊन सहा महिने झालेत. मला कळलं.

दोंडाईच्याजवळचं आमचं गाव आठवलं. पंचावन्न-छप्पन साल असेल, मी सहा वर्षांची होते. माझी विधवा काकू परसातल्या भाज्यांना रोज विहिरीचं पाणी आणून घालायची, पण बी पेरायला तिला मनाई होती. होळीनंतर तिने कुंपणाशी गुपचूप गिलक्याचं, म्हणजे घोसाळ्याचं, बी टोचलं. वेल जोमाने वर आले. आजी खुश झाली.

"हाई कोनी पेरं?" तिने विचारलं.

मी कौतुकाने सांगितलं, "काकूनी."

आजीने तिथल्या तिथे सगळे वेल उपटले. काकू बघत राहिली, मग घागर उचलून उरलेल्या वाफ्यांकडे गेली. मला ती कधीच रागावली नाही. मीही तिची माफी कधी मागितली नाही.

आज मी निमूटपणे सावलीत जाऊन बसले. तुम्ही माझ्या जागी असता तर काय बोलला असतात?