टिनावरचे गोटे

आज दुपारी उत्तरेकडून वारा फिरला आणि लोखंडाचा वास आला. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काजळी वारा रोजच घेऊन येतो, पण ती गपचूप येते, वाळत घातलेल्या धोतरावर बसली की कळते. वास येतो तो फक्त अंधडाच्या, म्हणजे धुळीच्या वादळाच्या आधी. जिभेवर खिळा ठेवल्यासारखी चव येते, कावळे बोलायचे थांबतात आणि पश्चिमेचं आभाळ मातीच्या रंगाचं होतं. मी खाट आत घेतली, बादली पालथी घातली, खिडकीची कडी लावली आणि वर टिनाकडे पाहत बसलो. असा वास आला की मला आधी बायकोची नाही, माकडांची आठवण येते. हसू नका. सांगतो.

मी रेल्वेत गँगमन होतो. शाळा चौथीपर्यंत. विदर्भातून इकडे आलो तेव्हा आमच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, सगळी घरं टिनाची, नाहीतर कवेलूची, कौलांची. रायपूर राजधानी झालं आणि एकेकाच्या डोक्यावर स्लॅब आला, आमचं टिन तेवढं राहिलं. वैशाखातला अंधड म्हणजे दहा मिनिटांचा पाहुणा, पण जाताना छप्पर मागतो. म्हणून होळी झाली की मी एक दिवसाची सुट्टी काढून टिनावर चढायचो. बोल्ट कसायचे, भोकांवर डांबर लावायचं आणि शेवटी वजनाला गोटे मांडायचे. गोटे मी मधोमध मांडायचो, एका रेघेत, रुळाखालच्या स्लीपरांसारखे. मग रस्त्यावर जाऊन डोळा बारीक करून रेघ पाहायचो. जन्मभर रूळ सरळ करणाऱ्या माणसाला दुसरं काय सुंदर वाटणार? एकदा मनासारखी रेघ दिसली की वर्षभर मान वर करायचो नाही.

पुढच्या होळीला चढावं तर रेघ मोडलेली. गोटे चारी कडांना पांगलेले, काही तर वळचणीपाशी येऊन बसलेले. मी वरूनच म्हणायचो, "माकडं लय माजली औंदा. एक गोटा जाग्यावर नाही ठेवला."

ती खालून म्हणायची, "हो ना. लय बेरकी आहेत मेली." आणि तोंड चुलीकडे फिरवायची.

मी पुन्हा रेघ मांडायचो आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जायचो. पाऱ्यातली कितीतरी टिनं उडाली, आमचं कधी उडालं नाही. चहाच्या टपरीवर मी सांगायचो, गोटे रेघेत ठेवत जा, रेघेत. लोक हसायचे. मला वाटायचं, जळतात.

तिला जाऊन सव्वा वर्ष झालं. पौषात गेली, तीन दिवसांच्या तापात. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. गेल्या वर्षीच्या होळीला सवयीने टिनावर चढलो, माकडांना चार शिव्या दिल्या. खालून कोणी हो ना म्हटलं नाही. रेघ मांडली आणि उतरलो. वैशाखात अंधडाने स्वयंपाकघरावरचं टिन कागदासारखं उचललं आणि नालीपलीकडे नेऊन टाकलं.

पोरगा नव्या रायपुरातून गाडी घेऊन आला. तो तिकडे ऑफिसात आहे, चौथ्या मजल्यावर राहतो. तिथले रस्ते एवढे रुंद की समोरच्याला हाक पोचत नाही. मराठी त्याला सगळी कळते, उत्तर हिंदीत देतो. म्हणाला, "बाबा, नया टिन लगवा देता हूँ. लेकिन अगली बार एक भी उडा, तो ये घर बेचेंगे और आप मेरे साथ चलेंगे."

मी हो म्हटलं. जिथं ती बसायची ती चूल सोडवत नाही, हे काही स्लॅबखाली राहणाऱ्याला सांगायचं कारण नव्हे.

मला मात्र दुसरंच खुपत होतं. उरलेल्या टिनावर माझी रेघ जशीच्या तशी होती. माकडं तर रोज येऊन नाचत होती, मी खालून ऐकत होतो. मग या वेळी त्यांनी एकही गोटा काहून नाही सरकवला? राहवेना, म्हणून वर चढून नीट पाहिलं. टिनावर काजळी तव्याच्या बुडासारखी बसली होती. रेघेतला एक गोटा उचलला, खाली काळंच. दुसरा उचलला, खाली काळंच. मग कडांकडे नजर गेली. वळचणीपासून हातभर आत, चारी बाजूंनी फिकट ठसे होते, एकेका गोट्याएवढे. वारा टिनाखाली बोटं घालतो, नेमके तिथे. माकडाला एवढं कुठून कळणार?

पश्चिमेच्या कोपऱ्यावर, खाली माझी खाट असते त्याच्या बरोबर वर, एक चापट जड दगड होता. कंबर धरते म्हणून त्याला मी कधी हलवलं नव्हतं, रेघेबाहेर असला तरी चालवून घेतलं होतं. त्या दिवशी जोर लावून पालथा केला. खाली टाकीच्या घावांचे टिपके, आणि मधोमध झिजून पडलेला खळगा. तिचा पाटा. मिक्सर आणला तेव्हा मी विचारलं होतं, पाटा कुठं गेला, तर म्हणाली होती, दिला कोणाला तरी.

शेजारची छत्तीसगढी दीदी अंगणात मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या शेंगा सोलत होती. तिला विचारलं. हात न थांबवता म्हणाली, "हव भैया, सीढी मैं पकडती थी. आप ड्यूटी गये कि भौजी ऊपर. पाटा तो हम दोनों ने रस्सी से खींचा."

"अन् मले काहून नाही सांगितलं?"

"बतातीं तो आप मान जाते क्या?"

मी विचार केला. नसतो मानलो. गँगमनला अक्कल शिकवते म्हणून चार शब्द सुनावले असते.

शेंग मोडत ती म्हणाली, "भौजी कहती थी, रख लेने दो उनको अपनी लाईन. एक दिन की तो बात है."

मी पाटा होता तसा पालथा ठेवला आणि सगळे गोटे तिच्या ठशांवर नेऊन बसवले. पण स्वयंपाकघरावरचं टिन नवं, कोरं. तिथं ठसा कुठला? गोटा कुठं ठेवायचा ते तिला कळायचं कसं, हा प्रश्न मला आठवडाभर खात होता. ती तर सारा दिवस खालीच असायची. शेवटी एका वाऱ्याच्या दुपारी चूल पेटवली आणि तिच्या बसायच्या पाटावर तिच्यासारखा बसून राहिलो. धूर सरळ वर गेला, टिनापाशी थबकला, आणि दोन ठिकाणी असा मागे ढकलला गेला, जसं बाहेरून कोणी फुंकर घालतंय. तिथूनच वारा आत शिरत होता. एवढी वर्षं मी त्या धुराने डोळे चोळत जेवलो आणि ती तोच धूर वाचत होती. ती तर शाळेची पायरीही चढली नव्हती. मी वर जाऊन त्या दोन जागी गोटे ठेवले, हे यंदाच्या होळीच्या आधीचं.

आणि आज अंधड आला. आंब्याची फांदी तुटली, धुळीने घर भरलं, टिन करकरलं, ओरडलं, पण जागचं हललं नाही. वारा पडल्यावर पोराचा फोन आला. "बाबा, उडा क्या?" मी म्हटलं, "नाही उडलं." तो म्हणाला, "ठीक है. बैठो फिर वहीं."

नव्या टिनावरही आता काजळी धरू लागली आहे. वर्षभराने गोटा उचलला तर खाली फिकट ठसा निघेल, तिने न ठेवलेला, पण तिच्याच जागेवरचा. माणूस जातो आणि त्याचं शहाणपण असं टिनावर पडून राहतं, आपण मान वर करायची तेवढी वाट पाहत.

आता, हे लिहिता लिहिता, माकडं आली आहेत. टिनावरून इकडून तिकडे धावतायत. मी त्यांना शिव्या देत नाही.